मोडक्या मोटारींचा सागरप्रवास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा त्यांच्या मनात कामगार-कायदे हा विषय होता. त्या विषयावर मी बारा महिने बोलतच असतो, आणि ते ऐकणारी माणसेही ठरलेली आहेत. म्हणून मी हा मोडक्या मोटारींचा विषय मागून घेतला. माझे शिक्षण म्हणाल तर शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी बरेचसे झाले. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नका. हिशेबाची मात्र जरूर करा.

हा विषय माझ्याकडे आला तो गॅरेजमधल्या पोरांकडून. डेंटिंग करणारे, रंगकाम करणारे, वायरिंग पाहणारे असे कारागीर आमच्या संघटनेत आहेत. त्यांच्या हातातल्या मोबाईलवर सारे जग येते, तसे अमेरिकेतले मोटारींचे लिलावही येतात. जेवणाच्या सुटीत एखादा पोरगा जवळ येतो आणि म्हणतो, "भाऊ, ही बघा टोयोटा. पुढचा बंपर, दिवा आणि बॉनेट एवढेच गेले आहे. बोली तीन हजार डॉलर. आपण चौघांनी मिळून आणली तर?" प्रश्न खुळा नाही. ज्याचा हात मोडक्या पत्र्यावर रोज चालतो, त्याला तो पत्रा पाहून किंमत कळते, आणि ती किंमत त्याला लिलावाच्या बोलीपेक्षा पुष्कळ जास्त दिसते.

त्याला द्यायचे उत्तर आखूड आहे. हिंदुस्थानात जुनी मोटार आयात करण्याला बंदी नाही; २००१ सालापासून ती सशर्त खुली झाली. पण अटी अशा की मोटार तीन वर्षांहून जुनी नसावी, सुकाणू उजवीकडे असावे, ती मुंबई बंदरातूनच यावी, ती रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे दाखले असावेत, आणि शिवाय जबर जकात भरावी. अमेरिकेतल्या मोटारीचे सुकाणू डावीकडे. म्हणजे चौघांचा बेत पहिल्याच पायरीवर मोडला.

परंतु ती टोयोटा लिलावात पडून राहात नाही. कोणीतरी ती घेतोच, आणि तोही बहुधा आपल्या पोरांसारखाच हातात पाना धरणारा असतो. तो कोण, कुठला, आणि त्याला ती परवडते कशी, हे पाहू लागलो तेव्हा मला ह्या व्यवहारात आपल्या मजुरीचा सारा इतिहास दिसू लागला.

प्रथम ती मोटार टाकून का दिली जाते ते पाहू. अमेरिकेत मोटारीला अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस दुरुस्तीचा अंदाज करतो. खर्च मोटारीच्या बाजारभावाच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे गेला की ती "टोटल लॉस" समजली जाते. मालकाला मोटारीची किंमत मिळते आणि सांगाडा कंपनीचा होतो. हे टक्के प्रत्येक राज्याचे निराळे. न्यू यॉर्कमध्ये ७५, फ्लोरिडात ८०, टेक्सासमध्ये १००. काही राज्यांत टक्केवारीऐवजी सूत्र लावतात. आता समजा, एका मोटारीचा बाजारभाव १२,००० डॉलर आणि दुरुस्तीचा अंदाज ९,३०० डॉलर. हे आकडे माझे, समजुतीपुरते घेतलेले. हा खर्च साडेसत्त्याहत्तर टक्के झाला. म्हणजे न्यू यॉर्कच्या कायद्याने ती मोटार मेली, आणि तीच मोटार फ्लोरिडात किंवा टेक्सासमध्ये जिवंत आहे! पत्रा तोच, चाके तीच. मरण कागदावर आहे.

आता त्या ९,३०० डॉलरांची फोड करू. समजा, ४,६०० नव्या सुट्या भागांचे आणि ४,७०० मजुरी व रंगकाम. तिथला कारागीर तासाच्या हिशेबाने काम करतो, आणि गॅरेज त्याच्या तासाचे जे पैसे लावते तेवढ्यात आमच्याकडे एका पोराचे कित्येक दिवस निघतील. हीच मोटार एखाद्या स्वस्त मजुरीच्या देशात नेली, लिलावाला ३,००० दिले, लिलावदाराची फी ७००, ओढून बंदरावर नेणे व बोटीचे भाडे मिळून २,०००, जुने भाग १,६०० चे घातले आणि मजुरीला ७०० दिले, तर ८,००० डॉलरांत मोटार उभी राहते. कर सोडून देऊ. बारा हजारांची वस्तू आठ हजारांत. ही बचत कुठून झाली हे नीट पाहा. बोटीने मोटार स्वस्त केली नाही, उलट महागच केली. ४,७०० च्या जागी ७०० आले, तिथे ती झाली. काही भाग नवे न घालता जुने घातले, तिथे झाली. मोटार दुरुस्त होण्याजोगी आहे की भंगार, हे लोखंड ठरवत नाही. लोखंडावर हात ठेवणाऱ्याचा रोजगार ठरवतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हे अन्य शब्दांत लिहिलेले असेल, पण आमच्या डेंटरला ते न वाचताच समजले होते.

ह्या लिलावांचा धंदा आज मुख्यतः दोन मोठ्या कंपन्यांच्या हाती आहे. त्यांपैकी कोपार्ट ही कंपनी १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहो गावी एका भंगारवाड्यापासून सुरू झाली. पूर्वी गिऱ्हाइकाने वाड्यात जावे, मोटारीभोवती फिरावे, खाली वाकून पाहावे, मग बोली करावी, अशी रीत होती. २००३ पासून ह्या कंपनीने बोली संगणकावर नेली, आणि एका रात्रीत गिऱ्हाईक वाड्याच्या कुंपणाबाहेर, मग समुद्राबाहेर गेले. जॉर्जियातला, लिथुआनियातला, नायजेरियातला माणूस घरी बसून बोली करू लागला. बोलीची मुख्य अट अशी: "जशी आहे, जिथे आहे". पुढे तक्रार नाही. दहाबारा छायाचित्रे, नुकसान पुढे की मागे एवढा शब्द, आणि कधी कधी "चालते" असा शेरा. ह्या शेऱ्याचा अर्थ वाड्यात आली त्या दिवशी ती सुरू झाली आणि जागची हलली, एवढाच. ती हमरस्त्यावर चालेल असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. अनेक राज्यांत परवानाधारक व्यापाऱ्यालाच बोली करता येते. मग परदेशी माणसाला दलाल धरावा लागतो. बोली लागल्यावर ठरल्या दिवसांत मोटार उचलली नाही तर रोजचे भाडे चढत जाते. आपल्या गोदीत माल अडकला की काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

आता समुद्रापलीकडे जाऊ. जॉर्जिया म्हणून काकेशस पर्वताच्या पायथ्याशी एक छोटा देश आहे. स्टालिनचा जन्म तिथला, म्हणून आमच्या जुन्या कॉम्रेडांना तो ठाऊक होता. त्याच्या राजधानीजवळ रुस्तावी नावाचे शहर आहे. ते शहर वसले पोलादासाठी. सोव्हिएत काळात, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, तिथे पोलादाचा प्रचंड कारखाना उभारला गेला आणि त्याच्याभोवती कामगारांच्या चाळी उठल्या. १९९१ नंतर राज्य मोडले, गिऱ्हाईक मोडले, आणि पोलादाचे शहर बेकार झाले. गिरणगावच्या माणसाला ही गोष्ट पुढे सांगण्याची गरज नाही. त्याच रुस्तावीच्या कडेला आज जुन्या मोटारींचा भला मोठा बाजार आहे. अमेरिकेत आपटलेली मोटार काळ्या समुद्रावरच्या पोती बंदरात उतरते, रुस्तावीच्या आसपासच्या गॅरेजांत सरळ होते, रंगते, आणि मग आर्मेनिया, अझरबैजान, कझाकस्तान, किरगिझस्तान इकडे विकली जाते. ज्या देशात मोटारी बनत नाहीत, त्या देशाच्या निर्यातीत मोटार हा अगदी वरचा माल झाला! युक्रेनच्या युद्धानंतर रशियाला मोटारी मिळेनात, तेव्हा हा रस्ता तिकडेही वळू लागला. म्हणून ऑगस्ट २०२३ पासून जॉर्जियाच्या सरकारने अमेरिकेतून आलेल्या मोटारी रशियाला पाठवण्यास बंदी केली.

मला ह्या शहराबद्दल आपुलकी वाटते, आणि थोडी धास्तीही. आपुलकी अशासाठी की बेकार झालेला कारागीर हात जोडून बसला नाही. धास्ती अशासाठी की पोलादाच्या कारखान्यात एका फाटकातून हजारो माणसे आत जातात, त्या फाटकावर सभा घेता येते, मागणी लिहिता येते. गॅरेजात तीन माणसे. त्यातला एक मालकाचा मेव्हणा. तिथे संघटना कशी बांधावी हे मी तीस वर्षे शोधतो आहे.

आफ्रिकेत ह्या मोटारींना एक गोड नाव आहे. नायजेरियात त्यांना "तोकुन्बो" म्हणतात. योरुबा भाषेत परदेशी जन्मून घरी परतलेल्या मुलाचे हे नाव; तेच परदेशातून आलेल्या जुन्या मोटारीला पडले. शेजारच्या बेनिन देशातले कोतोनू बंदर तर नायजेरियाला जाणाऱ्या ह्या मोटारींवरच पुष्कळसे जगत आले. घानामध्ये कुमासी शहराजवळ सुआमे मॅगझीन नावाची वस्ती आहे. हजारो कारागीर तिथे मोटारी उघडतात, जोडतात, मिळत नसलेला भाग भट्टीवर स्वतः घडवतात. मॅगझीन म्हणजे दारूगोळ्याचे कोठार. त्या जागी पूर्वी ते होते म्हणून हे नाव. आमच्या मुंबईत जुन्या बोटी तोडायच्या आणि भंगार लोखंड विकायचे ठिकाण कोणते, तर दारूखाना! दोन खंडांवर दोन कोठारे, आणि दोन्हींच्या नशिबी भंगारच आले. कोकणातले आमचे कित्येक तरुण आखातात जातात. त्यांपैकी जे शारजाच्या गॅरेजांत आणि जुन्या सुट्या भागांच्या बाजारात राबतात, त्यांना हा व्यापार माझ्यापेक्षा जवळून माहीत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ऑक्टोबर २०२० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे २०१५ ते २०१८ ह्या चार वर्षांत जगभर १ कोटी ४० लाख जुन्या मोटारी एका देशातून दुसऱ्या देशात गेल्या. सर्वांत मोठे पाठवणारे युरोपीय संघ, जपान आणि अमेरिका. घेणाऱ्यांत दर दहांपैकी आठ मोटारी कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या. ह्यात धडधाकट जुन्या मोटारीही आल्या, आपटलेल्याही आल्या. ह्यावर आपल्याकडचे काही सुशिक्षित लोक एकदम म्हणतात की हा श्रीमंतांचा कचरा गरिबांच्या दारात टाकणे आहे. मला हे अर्धेच पटते. कुमासीचा शिक्षक किंवा किरगिझ शेतकरी ह्याला नवी मोटार परवडत नाही. जुनी मिळाली म्हणून त्याची आई वेळेवर दवाखान्यात पोहोचते. त्याला नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः जन्मभर जुन्या बाजारातली सायकल वापरली आहे.

पण उरलेले अर्धे खरे आहे, आणि ते मोटारीच्या रंगाखाली असते.

पुराची मोटार घ्या. २००५ साली कॅटरिना वादळ आले, २०१७ साली ह्यूस्टन परिसरात हार्वे आले; लाखो मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर मोटार धुतली, गाद्या बदलल्या, की छायाचित्रात ती अपघाताच्या मोटारीपेक्षा देखणी दिसते. डेंटरला करण्यासारखे काहीच नाही म्हणून ती लोभसही वाटते. आणि आतमध्ये वायरींच्या सांध्यांतून, ब्रेकच्या संगणकातून, एअरबॅगच्या खटक्यातून गंज हळूहळू चालतो. खारे पाणी असेल तर लवकर. विजेवरच्या मोटारींचे तर आणखी निराळे: २०२२ साली फ्लोरिडात इयान वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या अशा काही मोटारींच्या बॅटऱ्या दिवसांनंतर आपोआप पेटल्या, आणि बंबवाल्यांना पुन्हा पुन्हा धावावे लागले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर आमच्या गॅरेजांतही पाण्यातल्या मोटारींची रांग लागली होती. त्यांतल्या पुढे कुठे गेल्या, कोणी घेतल्या, हे विचारण्याची सोय आपल्याकडे नव्हती.

अमेरिकेत निदान कागदावर शिक्का बसतो. "सॅल्व्हेज" असा शिक्का मालकीपत्रावर मारतात. दुरुस्त होऊन तपासणी झाली की "रिबिल्ट" असा दुसरा. प्रत्येक मोटारीला सतरा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो, आणि त्यावरून तिचे पूर्वायुष्य बरेचसे काढता येते. पण शिक्का राज्याच्या हद्दीत जितका स्पष्ट, तितका हद्दीबाहेर पुसट. आणि समुद्र ओलांडला की नव्या देशात नवे कागद निघतात, त्यांवर तो बहुधा उतरतच नाही. बाजारात पहिला गिऱ्हाईक जाणता असतो, त्याला ठाऊक असते आपण काय घेतो. तिसऱ्याला काहीच ठाऊक नसते. नेदरलँड्सच्या सरकारी तपासनीसांनी २०२० साली आफ्रिकेला निघालेल्या मोटारी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांकडे त्यांच्याच देशात रस्त्यावर चालण्यास लागणारा दाखला शिल्लक नव्हता.

आणि एअरबॅग. अपघातात ती एकदा फुटली की नवी घालावी लागते, आणि नवी महाग. मोटार टोटल लॉस होण्याला पुष्कळदा हीच कारण असते. मग बचत करणारा काय करतो? सुकाणूवरचे झाकण शिवून लावतो, आत काहीच नसते, आणि धोक्याचा दिवा लागू नये म्हणून वायरीत एक दोन-चार आण्यांचा रेझिस्टर बसवतो. मोटारीच्या संगणकाला वाटते बॅग जागेवर आहे. आत बसलेल्यालाही तसेच वाटते. नाहीतर तो निनावी कारखान्याचा नकली भाग घालतो. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने जुलै २०२४ मध्ये इशारा दिला की अशा हलक्या बदली भागांमुळे आधीच्या नऊ महिन्यांत तीन माणसे मेली आणि दोघे जबर जायबंदी झाले. बॅग फुगण्याऐवजी धातूचे तुकडे अंगावर आले. त्या साऱ्या मोटारी पूर्वी एकदा अपघातात सापडून दुरुस्त झालेल्या होत्या.

ह्या धंद्यातले मरण मोटारीत बसणाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत काहीजणांना गाठते. ४ जून २०२० रोजी अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल बंदरात "हॉग शियामेन" ह्या बोटीला आग लागली. तिच्यावर २,४२० जुन्या मोटारी चढवलेल्या होत्या, आणि चौकशीत निघाले की मोटारींच्या बॅटऱ्यांच्या तारा नीट सोडवून बांधलेल्या नव्हत्या. नऊ अग्निशामक जवान जखमी झाले. पुढे ५ जुलै २०२३ ला न्यूअर्क बंदरात "ग्रांदे कोस्ता दाव्होरिओ" ही पश्चिम आफ्रिकेला निघालेली बोट पेटली. चालू न होणाऱ्या मोटारी बोटीत ढकलायला एक जीप वापरत होते. बिघडलेल्या मोटारी ढकलण्यासाठी ती बनवलेलीच नव्हती. तीच तापली आणि पेटली. दोन अग्निशामक जवान बोटीच्या पोटात वाट चुकून मेले. स्वस्त मोटारीच्या हिशेबात ढकलगाडीचा खर्च वाचवलेला होता. आम्ही युनियनवाले सुरक्षेच्या साधनांसाठी भांडतो तेव्हा मालक आम्हांला विचारतात की एवढ्याने काय बिघडते. त्यांच्यासाठी मी ह्या दोन तारखा पाठ केल्या आहेत.

आमच्या भागातल्या एका गॅरेजात काही वर्षांपूर्वी एक एकोणीस वर्षांचा मुलगा बॅटरीची तार न सोडता जुन्या मोटारीतली एअरबॅग काढत होता. त्याला ती काढायला कोणी शिकवले नव्हते. उस्ताद पत्रा शिकवतो, बॅग हा उस्तादाच्या नंतरचा जिन्नस. ती तोंडावर फुटली, उजवा डोळा गेला. तेव्हाच्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका डोळ्याचे माप छापलेले होते: चाळीस टक्के. पण ते चाळीस टक्के मागायला आधी तो कामगार होता हे सिद्ध करायचे, आणि मालकाने सांगितले की पोरगा नुसता काम बघायला येत असे. हजेरीपट नाही, पगाराची चिठ्ठी नाही. शेजारच्या चहावाल्याच्या उधारीच्या वहीत रोज "गॅरेज, तीन कटिंग" अशी नोंद होती. त्या तिसऱ्या कटिंगवर आम्ही दावा लढवला आणि तडजोडीत थोडे पैसे मिळाले. माझ्या ह्या विषयाची सुरुवात खरे म्हणजे त्या वहीपासून आहे.

मग कोणी विचारील, ह्यावर तोडगा काय? सरसकट बंदीने भागत नाही. बंदी केली की माल चोरवाटेने येतो आणि तपासणीचा प्रश्नच मिटतो. जॉर्जियाने बाजार चालू ठेवून २०१८ पासून मोटारींची सक्तीची तपासणी टप्प्याटप्प्याने आणली, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तपासणी कडक झाली की गॅरेजात चांगल्या कारागिराची किंमत वाढते, हा आमचा स्वार्थही त्यात आहे. तो मी लपवत नाही.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो, कारण अमेरिकेची मोटार आपल्या दारात येणार नसली तरी आपली स्वतःची मोडकी मोटार दुसऱ्याच्या दारात जातेच. आपल्याकडेही दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की मोटार टोटल लॉस धरतात. तुम्हांला पैसे मिळतात, सांगाडा कोणी भंगारवाला उचलतो, आणि पुष्कळदा त्याबरोबर नोंदणीचे पुस्तकही जाते. भंगारवाल्याला लोखंडापेक्षा त्या पुस्तकात गोडी का असते? कारण त्याच जातीची दुसरी मोटार कुठून तरी चोरायची, तिचा चासी क्रमांक घासायचा, तुमच्या मेलेल्या मोटारीचा ठोकायचा, की चोरीची मोटार तुमच्या नावावर रस्त्यावर धावू लागते. अशा टोळ्या अनेक शहरांत पकडल्या गेल्या आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याचे कलम ५५ सांगते की मोटार नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत, किंवा होईल तितक्या लवकर, नोंदणी कार्यालयाला कळवावे आणि नोंदणीचे पुस्तक परत करावे. हे कलम किती जणांना ठाऊक आहे? ह्या सभेत हात वर करायला सांगत नाही.

तेव्हा कोणाची मोटार टोटल लॉस झाली, तर विमा कंपनीचा धनादेश घेण्याच्या घाईत कोऱ्या विक्रीपत्रावर सही करू नका. सांगाडा कोणाला दिला त्याचे नाव, तारीख व सही घ्या, आणि कलम ५५ खालचे पत्र आर.टी.ओ.त देऊन त्याची पोच घ्या. त्या पत्राचा मराठी मसुदा आमच्या संघटनेने तयार केला आहे. मी शंभर प्रती आणल्या आहेत. दारापाशी चपलांच्या मांडणीशेजारी जे टेबल आहे, त्यावर ठेवल्या आहेत.